मर्टल टायसनचा वाडगा

कम्ब्रियाच्या किनाऱ्यावर, ओहोटीला,
सरकारी माणूस विचारतो,
वर्षाला शिंपल्या किती खाता?
मर्टल टायसन हात पुसते.
मोजतंय कोण! शनिवारी वाडगाभर, व्हिनेगर शिंपडून.
आणि चिखलात किती वेळ उभ्या असता?
गुडघे बोंबलेपर्यंत.
तो लिहितो: तीनशे तास.

तिच्या वाडग्यावरून ठरायचंय
अणुभट्टीच्या नळातून किती बेकरेल
समुद्रात सोडू द्यायचे.
सगळ्यांत जास्त खाणारी ती.
ती तगली की गाव तगलं, असा हिशेब.

गेल्या हिवाळ्यात डॉक्टरने शिंपल्या बंद केल्या.
बादली शेजारणीकडे जाते,
वाडग्यात मांजराचं दूध.
हे ती बोलत नाही.
वाकून बुटातली वाळू झटकते,
नळाच्या बाजूला बघतही नाही.
वाडगाभर नको,
दोन वाडगे लिही.