अठरा ग्रॅम

टपालखात्यानं भंगारात काढलेला वजनकाटा
निवृत्तीच्या दिवशी मी उचलून आणला.
आज त्यावर मोजे तोलते आहे.

चेंस्तोहोवा इथून नऊ दिवस. ऑगस्टचं ऊन.
पाठीवर सहा किलोच्या वर नको, असं सांगितलं फादरनी,
ज्यांचं पोटच दहाच्या वर भरेल.
टूथब्रशचा दांडा कापला. साबण अर्धा केला.
प्रार्थनेच्या पुस्तकातली मागची चाळीस पानं
कुणी कधी म्हणत नाही.
ब्लेड हातात घेतलं, ठेवून दिलं.

डब्लिनहून मुलगा फोनवर:
आई, तिथं बस जाते ना?
जाते की.
मग?
म्हटलं, दूध उतू चाललंय, नंतर बोलू.
चुलीवर काहीच नव्हतं.

रोज पहाटे नवे बूट घालून
दुनायेत्सच्या बांधावरून पुलापर्यंत जाऊन येते.
गावातली कुत्री बुचकळ्यात पडतात:
बाई तीच, खांद्याला पिशवी नाही,
भुंकायचं की नाही?
यांच्या आज्या-पणज्यांना चुकवत
चौतीस वर्षं मी लोकांचे उंबरठे झिजवले,
गुडघाही त्यातच झिजला.
डॉक्टरीण म्हणते, जिने टाळा.
वाटेत जिने नाहीत, मी सांगते. टेकड्या आहेत.

आता संध्याकाळी लोक चिठ्ठ्या घेऊन येतात.
मागणं त्यांनी लिहायचं, चालायचं मी,
आणि काळ्या मारियेसमोर नेऊन ठेवायचं.
थेओदोझ्याची: पोराची बाटली सुटू दे.
बेकरीवाल्या येरेमीची: दोन ओळी, दोन्ही खोडलेल्या.
शाळेतल्या एका मुलीची, वर घोड्याचं स्टिकर:
भूगोल.
एवढंच. भूगोल.
चर्चची पायरी न चढणाऱ्या गुस्तावनंसुद्धा
फाटकावरूनच एक पुढे केली. तोंड फिरवून.
सगळ्या मिळून एकेचाळीस ग्रॅम.
पुन्हा तोलल्या. एकेचाळीसच.

सॅकचा पट्टा खांद्याला काचत होता, म्हणून काल
माझी जुनी चामड्याची पिशवी उसवायला घेतली.
तिचा पट्टा मऊ पडलाय, माझ्या खांद्याचा आकार घेऊन.
अस्तरात एक पाकीट सापडलं,

नाही, सापडलं असं म्हणणार नाही.
ते आठ वर्षांपूर्वी सापडलं होतं.
तेव्हा अस्तर मीच पुन्हा शिवलं,
बारीक टाक्यांनी, मन लावून.

विन्निपेगचा शिक्का. सत्त्याऐंशी सालचं.
अपोलोन्याच्या नावानं.
त्या साली दोन हिवाळे ती फाटकाशी उभी असायची,
डोक्याला तपकिरी रुमाल,
आणि मी सायकलवरून, दुरूनच, मान हलवायचे.
मग ती उभी राहीनाशी झाली.
मला बरंच वाटलं होतं, वळणावर वेळ वाचायचा.

काट्यावर ठेवलं.
अठरा ग्रॅम.
हातात घेतलं तर काट्यावर विश्वास बसेना.

पाकीट सॅकमध्ये टाकून नेता आलं असतं,
इतर एकेचाळीस ग्रॅमांत कुणाला कळलं असतं?
नऊ दिवस वाहिलं, देवाला दिलं, हात झटकले.
असा विचार रात्री साडेअकरापर्यंत केला.

सकाळी बूट घातले. लेस दोनदा बांधली.
तिचं घर चार फाटकं पलीकडे.
पहिल्या फाटकापाशी वाटलं, गणवेश हवा होता.
तिसऱ्यापाशी बसले थोडी, दगडावर.

तिनं पाकीट घेतलं, लांब धरून अक्षर पाहिलं.
चष्मा आणायला आत गेली नाही.
पावाच्या डब्यामागे खोचून ठेवलं,
जसं विजेचं बिल ठेवतात.
मी तोंड उघडलं, तर म्हणाली,
बूट नवे दिसतात.
मग कपाटातून वर्तमानपत्रात गुंडाळलेला
चरबीचा गोळा काढून माझ्या हातावर ठेवला.
टाचांना लाव. झोपताना. चोळून.
आणि दार लावलं, आपटून नाही,
पण लावलं.

घरी येऊन बूट काढला.
दोनशे तीस किलोमीटर अजून पुढे आहेत
आणि उजव्या टाचेवर पहिला फोड,
द्राक्षाएवढा,
चार फाटकांच्या वाटेवरचा.