बाजू बी

कॅसेटवर पपांचं अक्षर: "चवथ, ८७. घुमट आरत्या."
त्यावर काट मारून माझं, लाल पेनानं:
"हणजूण. मोठ्यानं वाजव."

वीस वर्षांचा होतो. कोरी कॅसेट घ्यायला
म्हापशापर्यंत जाण्याइतका धीर नव्हता.
आग्नेलच्या डेकवर अख्खी रात्र भरून घेतली,
समुद्राकाठची, शब्द नसलेली,
आणि घरी म्हटलं, आरत्या काय, दर वर्षी असतातच.

असतात. घुमटांवर आता बकऱ्याचं कातडं;
घोरपडीला कायद्यानं सोडवलं, बरंच झालं.
नाद जरा सैल आला. पहिली दोन वर्षं
म्हातारे कुरकुरले, मग म्हातारेच कमी झाले.
आग्नेल स्विंडनला. त्याच्या अंगणात हॉटेल आहे,
तिथं माझी ती बंडखोर रात्र
नाश्त्याच्या वेळी बारीक आवाजात लावतात.
तरी मी सांगून येतो, अजून कमी करा.

काल नेत्रानं डेक दुरुस्त करून आणला.
धडधड सुरू झाली. माझा पाय हलला,
तिनं पाहिलं, मी लाजलो.
मग मधेच, जिथं तेव्हा बटण उशिरा दाबलं गेलं,
चार सेकंद:
शामेळावर एक ठोका, कुणाचा तरी खोकला,
आणि पपा: "थांब रे, कातडें सैल जालां."

म्हणजे तेव्हाही.

नेत्रा म्हणाली, परत लाव.
रिवाइंड केलं. घाईत
जरा जास्तच मागं गेलं.