एकतीसनंतरचं पान

सल्लागार कंपनीने मुलाखतीला बोलावलंय.
टेबलावर चार गोष्टी, हातात एकोणीस दिवस.

पहिलं, निळ्या पाठीचं जाड पुस्तक,
ग्रंथालयाचं; माझ्यामागे सात जणांची रांग.
त्यात नफ्याचं झाड काढलंय:
दोन फांद्या, उत्पन्न आणि खर्च,
फांदीला फांदी, तिला पुन्हा फांदी,
फळ कुठेच नाही.
पाठ केलं तर पोपट होईन,
नाही केलं तर मुकी.

दुसरा, ऑनलाइन कोर्स. तीनशे ऐंशी युरो.
पडद्यावरचा माणूस इतका पांढरा हसतो
की हेलसिंकीच्या जानेवारीतही दिवा लावावा लागत नाही.
जगाच्या कुठल्याही दुखण्यावर त्याच्याकडे तीनच मुद्दे,
उंटावरून शेळ्या हाकाव्यात तसे सांगतो.
तीनशे ऐंशी म्हणजे
कल्लिओतल्या या खोलीचं अर्ध्याहून जास्त भाडं,
किंवा आईच्या बेकरीतले
एकशे नव्वद दालचिनीचे पाव,
पहाटे चारला उठून वळलेले.
बघा, अंदाज बांधायला मला आधीच येतं.

तिसरी, अकराशे पानांची फाइल.
कुणी कुणाला पाठवली, त्याने मला.
एकाच प्रश्नाची दोन उत्तरं, दोन्ही ठाम.
रात्री ती नुसती उघडली
तरी अभ्यास झाल्यासारखी झोप लागते.

चौथी, वही. ओन्नीची.
ओन्नी म्हणजे आमच्या भाषेत भाग्य,
आणि हा तीन कंपन्यांतून परत आलेला.
आता बंदरावर फेरीबोटींचं वेळापत्रक लावतो.
बरं चाललंय म्हणतो, आणि ते खरंही वाटतं.
वही देताना एवढंच म्हणाला,
कॉफी तुझ्याकडून.

मैत्रिणी म्हणाल्या, पिहला, वेडी आहेस का,
बुडालेल्याकडून पोहणं शिकतेस?
वडिलांना फोन केला.
ते बराच वेळ काही बोलले नाहीत.
आमच्या घरी याला विचार करणं म्हणतात.
मुलाखतीत याचेच गुण कापतात.

मग वही उघडली.
पान बारा: नवव्या मिनिटाला बाई खिडकीबाहेर बघू लागल्या.
पान वीस: एक शून्य जास्त पडलं.
छप्पन्न लाखांच्या देशात मी
साडेपाच कोटी लोकांना स्केट्स विकले.
पान एकतीस: उत्तर माहीत होतं.
मोठ्याने विचार करायचा होता, मी मनात केला.
एक्केचाळीस सेकंद.
त्याखाली पेन्सिलीने, बारीक:
तेवढ्यात बाहेर एक ट्राम आली, थांबली, गेली.

निळ्या पुस्तकात त्या ट्रामला जागा नाही.
कोर्सवाल्याचे तर श्वाससुद्धा कापून टाकलेत.

पुस्तक परत केलं,
पहिल्या तीन प्रकरणांचे फोटो काढून.
कोर्स घेतला नाही.
फाइल पुसली नाही, एवढी धीट मी नाही.

आता रोज सहाला, ओन्नीची पाळी सुटली की,
बंदराच्या कॅन्टीनमध्ये.
काचेबाहेर काळं पाणी, बर्फाचे तुकडे,
टाल्लिनला निघालेली बोट.
तो विचारतो, समज, हिचा धंदा तोट्यात आहे. का?
आणि घड्याळ लावतो.
मी सुरू करते, अडते, कप फिरवते.
चुकीचं बोल, म्हणतो, पण बोल.
प्रवासी, मी म्हणते. तिकिटं. हिवाळा. नाही, थांब,
हिवाळा तर सगळ्यांनाच असतो...

शेजारच्या टेबलावरचा ट्रकवाला
सूप पिता पिता मागे वळतो.
डिझेल, म्हणतो. आधी डिझेल बघा.
आणि पुन्हा सुपात बघतो.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघतो.
ओन्नी घड्याळ थांबवतो,
वही माझ्यापुढून ओढून घेतो,
एकतीसनंतरचं कोरं पान काढतो,
आणि पेन माझ्याकडे सरकवतो.