खळ

नववीच्या पुस्तकातलं ते एक प्रकरण
बारा वर्षं मीच चिकटवत आलेय.
जून महिना, मैद्याची खळ, चिमूटभर मोरचूद,
अकरा पुस्तकं, प्रत्येकी सहा पानं,
वर रात्रभर पाटा.
बालगृहाच्या पोरी. आई-बाप नाहीत,
किंवा आहेत, खरं असून नसल्यासारखे.
नसतं काही डोक्यात जायला नको,
असं अध्यक्ष म्हणायचे. मीही म्हणायचे.

यंदा खानापूरच्या दवाखान्यातून
फ्लोरिन फर्नांडिस नर्स आली.
पिशवीतून कुंद्याचा रिकामा डबा काढून
झाकणाला ब्लेडनं चीर पाडली.
"नाव घालू नका. काय बी विचारा."

आठ दिवस डबा जिन्याखाली होता.
उघडला, तर चिठ्ठ्यांना तुपाचा वास.

परीक्षेच्या दिवशी रक्त थांबवता येतं का?
सोळावं लागलं, अजून आलं नाही. मी मुलगी आहे ना?
अठरा झाल्यावर इथनं काढणार, मग हे कुणाला विचारू?

एकीनं मराठी लिहिलेली कन्नड अक्षरांत,
एकीनं कन्नड, आपल्या अक्षरांत.
पाटीवर कुठली भाषा वर, यावरनं
आमच्याकडं बाजार बंद झालेत, काचा फुटल्यात.
खरं या पोरींना त्यांच्या अंगाची नावं
दोन्हींतल्या एकीनंही सांगितली नव्हती.

तळाशी एक चिठ्ठी:
तो म्हणाला कुणाला सांगू नको. मग सांगायचं कुणाला?
तो पोट फुगलेला 'ण'
मीच गिरवून घेतलेला.

फ्लोरिननं ती घडी घालून खिशात ठेवली.
वर्गात एवढंच विचारलं,
"नको म्हणजे काय, ठाऊक हाय?"
"ब्याडा," तीस जणी.
"मोठ्यानं."
"ब्याडा! नको!"
स्वयंपाकीण तवा सोडून दारात आली.
"हे मोठ्या माणसालाबी म्हणता येतं.
आणि म्हणता आलं नाही, तरी चूक तुमची नव्हे.
मला सांगा. अक्कांना सांगा."

अक्का म्हणजे मी.
एकीनंही वळून बघितलं नाही.

रात्री किटलीच्या वाफेवर धरून
एकेक पान सोडवत बसले.
पोरी आपली फडकी परकराखाली लपवून
ज्या दोरीवर वाळवतात,
तिथंच टाकली, उघडी.
आकृती अर्धी खळीबरोबर निघून आली.
उद्या फळ्यावर मलाच काढावी लागणार.

इतकी वर्षं हातात होती.
नीट बघितलीच नव्हती मी.