दुर्वाहक

हर्णैच्या लिलावातून रिकामे परतलेले
थर्माकोलचे अठ्ठावीस डबे
मी टमटमच्या टपावर बांधून आणले.
चालकानं विचारलं, मासळी कुठाय?
म्हटलं, मासळी गेली, बर्फ गेला,
उरलेल्या भिंती घेऊन चाललोय.

परसात, विहिरीच्या अंगाला,
बांबूच्या कमानी, वर दोनशे मायक्रॉनचा कागद.
कागदोपत्री हरितगृह,
शेजारची पोरं 'फुगा' म्हणतात.
आत मिरीची तीनशे बारा रोपं,
पन्नियूरची, दोन-दोन पानांची,
आणि जायफळाची अकरा कलमं,
ज्यांचा माझ्यावर अजून भरवसा नाही.

गेल्या पौषात पारा सातावर आला.
लोक मफलर गुंडाळून फोटो काढत होते,
'आपली दापोली म्हणजे महाबळेश्वर!'
माझी पानं एका रात्रीत
शिजल्या भाजीसारखी काळी झाली.
सकाळी एकेक पिशवी उलटी करून
माती ढिगात परत टाकली.
मोजली नाही,
मोजण्याचीच नोकरी केली असून.

तीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत
परीक्षानळ्या विसळल्या मी.
दर साली तोच धडा, तेच वाक्य,
ओल्या हातांनी दाराआडून ऐकलेलं:
स्थिर हवा उष्णतेची दुर्वाहक असते.
पोरं पाठ करायची, पेपरात लिहायची, विसरायची.
माझा पेपर कुणी घेतलाच नाही.

म्हणून यंदा करवतीच्या पात्यानं डबे कापले.
पांढरा भुसा भुवयांत, चहात, देवघरात.
उत्तरेकडून रचत आलो,
फटींत भाताचा पेंढा कोंबला,
आतून टीव्हीच्या दुकानातला
फोडफोडीचा कागद लावला
(नातवानं त्यातला हातभर आधीच फोडलेला).
काळ्या कॅनमध्ये पाणी भरून ओळीनं ठेवलं,
दिवसा ऊन पितात,
रात्री हळूहळू पान्हा सोडतात.

वास मात्र गेला नाही.
चुन्यानं धुतलं, राखेनं घासलं,
तरी दुपारी फुगा तापला की
आत सगळा बंदर भरतो.
कुंदा म्हणाली, बरंच झालं,
तिखल्यात वेगळी मिरी घालायला नको.

गडग्यापलीकडे रहाटे.
त्याची नव्वद हापूस
अजून नुसत्या पालवीवर.
त्याला थंडी हवी, कडक, सलग आठ रात्री,
नाहीतर मोहोर कसला नि पेटी कसली.
तो रवळनाथाला तेच सांगतो,
मी त्याच रवळनाथाला उलटं.
देवाची काय पंचाईत होत असेल
हे आम्ही दोघंही बोलत नाही.

पहाटे तीनला दोन विजेऱ्या हलतात,
एक इकडे, एक तिकडे.
'किती?'
'अकरा.'
'हां,' म्हणतो. त्याला हसू लपवता येत नाही.
परवा म्हणालो, 'आठ.'
त्यावर तो बराच वेळ गप्प.
मग गडग्याच्या खिंडारातून
खांद्यावर जुनी कांबळी घेऊन आला,
'टाक तुझ्या फुग्यावर. बैल विकले तेव्हापासून पडून आहे.'

आत वाकून शिरला
आणि चष्मा धुक्यानं भरला त्याचा.
पुसला नाही. तसाच उभा राहिला,
हात पुढे, आंधळ्यासारखा,
बोटांना पानं लागेपर्यंत.
शाळेतला तापमापक मी विजेरीत धरला:
पंधरा.
बाहेर आठ, आत पंधरा,
मध्ये बांगड्यांचे डबे.

'इथं आंबा लावलास
तर जन्मात मोहोरायचा नाही,' तो म्हणाला.
नावं ठेवली की कौतुक केलं,
त्याच्या आवाजावरून कळलं नाही.
कोपऱ्यातल्या काळ्या कॅनवर
कुणाची तरी बोकी
चार दिवसांच्या पिलांसकट झोपली होती.
तिला कुणी धडा शिकवला होता,
वास की ऊब,
विचारायचं राहून गेलं.

रहाटे जाताना दार नीट लावून गेला.
फटीत पेंढा परत खोचल्याचा आवाज
मी आतून ऐकला.