जाताना समुद्र डावीकडे

सासूबाईंच्या नव्या गुडघ्याला डॉक्टरांनी
रोज दोन किलोमीटर सपाट रस्ता लिहून दिलाय,
जेवणानंतरच्या गोळीसारखा.
गलिसियाच्या या किनाऱ्यावर, आमच्या गावात,
सपाट म्हणावं असं एकच आहे :
मी ओतलेलं.

दीपगृहापासून मिठाच्या जुन्या गोदामापर्यंत
तीनशे चौतीस चौकोन.
दर तीन मीटरला एक फट,
उन्हात काँक्रीटला अंग ताणता यावं म्हणून.
लोक क्षितिज बघत चालतात, मी फटी बघत.
एकशे बाराव्यात कुत्र्याची पावलं आहेत,
ओलं असतानाच पळालं लेकाचं.
मोंचो म्हणाला, पुसून टाक.
नाही पुसली.
हल्ली समुद्राइतकेच त्यांचेही फोटो काढतात.

बाल्बीनाबाई फटी बघत नाहीत, क्षितिजही नाही.
कठड्याला पोट टेकून त्या खाली बघतात,
जिथे काळ्या रबरी कपड्यांतली तीन माणसं
खडपांवरून पेरसेबे खरवडतायत :
बोटाएवढी काळी मान, टोकाला नखं,
आणि माद्रिदमध्ये एका किलोला
माझी दोन दिवसांची मजुरी.

"पाच," त्या म्हणतात. "सहा."
सातवीला तिघांनी वर पळायला हवं.
पळतात.
मग पुन्हा एकपासून.

बत्तीस वर्षं हाच हिशेब केलाय त्यांनी,
कमरेला दोर बांधून, पाठ कधीच समुद्राकडे न करता.
गार पाण्याने डाव्या कानात हाड वाढलं,
तो कान मिटला.
जाताना समुद्र त्या बाजूला असतो,
मी उजवीकडे.
जमतं आमचं.

बाकावरच्या जर्मन जोडप्याने आज नकाशा पुढे केला :
सर्वात छान देखावा कुठून दिसतो?
"देखावा कसला?" बाईंनी मला विचारलं.
समुद्राचा, मी म्हटलं.
त्यांनी थोडा विचार केला
आणि काठीने गोदामाची मागची भिंत दाखवली.
"तिथे वारा लागत नाही."
बिचारी गेली तिकडे, भिंत बघायला.

दोनशे सहावा चौकोन.
बाई थांबतात.
रोज थांबतात, बुटाची लेस बघायच्या निमित्ताने.
आज काठी दोनदा आपटली.
"इथे."
एवढंच.

इथे खाली कातळात खोदलेल्या अकरा पायऱ्या आहेत,
आणि वरच्या पायरीशी लोखंडी कडी होती,
मनगटाएवढी जाड,
आठ बायकांचे दोर तिला बांधलेले असत.
नकाशात नेमका तिथेच कठड्याचा खांब आला.
एका गुरुवारी मी ती कटरने कापली.
पायऱ्यांवर खडी टाकली, मग सळ्या, मग मिश्रण,
मग फळीने सारखं केलं.
काम चांगलं झालं होतं. मोंचोने पाठ थोपटली.
साबेलाला मी फक्त खांबाचं सांगितलं.

गोदामाच्या भिंतीला हात लावून आम्ही वळतो.

येताना समुद्र उजवीकडे,
त्यांचा ऐकणारा कान तो घेऊन टाकतो.
मी मिटल्या कानाच्या बाजूला.
सोयीची बाजू.
एवढी वर्षं तिथून मी बरंच काही बोललोय :
बँकेचं, साबेलाचं, माझ्या बापाचं.
आज म्हणालो,
बाई, ती कडी मी कापली.

उत्तर नाही. काठीची टकटक.
कुत्र्याची पावलं आली, गेली.
खालचे तिघे पिशव्या घेऊन वर चढत होते,
त्यातल्या एकाने हात केला, बाईंनी हनुवटी उचलली.
नव्वदावा चौकोन. ऐंशीवा.
दीपगृहाचा चुना दिसायला लागला.

"त्या दिवशी मी पीठ मळत होते," त्या म्हणाल्या,
समुद्राकडे बघत.
"तुझं यंत्र चुलीपर्यंत ऐकू आलं."

मी फटी मोजत राहिलो. चुकलो.

"आहे कुठे ती?"

हत्यारांच्या पेटीत. पकडींच्या खाली.

"तेल लावून ठेव," बाई म्हणाल्या.
"मीठ खातं लोखंडाला."