कड कुठली?

गोदामातून बेर्नाबेचा फोन:
"पन्नास बाय आठ, बावीस पट्ट्या. ठीक.
पण कड कुठली?"

नकाशावर कड नव्हती.
नगरपालिकेच्या इंजिनियरने जिना काढला होता,
एकशे चौदा पायऱ्या, तीन वळणं,
आणि कठड्याच्या जागी एक सरळ रेघ.
रेघेला कड नसते.

नेलिदा ओयार्सून म्हणाली, "तिन्हींचे तुकडे पाठव."

तुकडे आले, वीतभर लांब.
पहिला कातरून काढलेला, सगळ्यात स्वस्त.
एका अंगाला कड किंचित लवलेली,
दुसऱ्या अंगाला कुसळं.
मी बोट फिरवलं आणि मग ते चोखत बसलो.
"हा फाटकाच्या पोटात," ती म्हणाली,
"जिथे कुणाचा हात जात नाही."

दुसरा चौकोनी.
गुण्या लावला तर मधून उजेडही शिरेना.
मला तोच आवडला. एकोणीस वर्षांचा होतो,
जे जुळतं ते बरोबर, असं वाटायचं.

तिसऱ्याच्या कडा गोल,
आठवडाभर वापरलेल्या साबणाच्या वडीसारख्या.

वालपाराइसोत लोखंडाला समुद्र रोज चाटतो.
रंग धारेवर थांबत नाही, हे मला तिने शिकवलं.
वाळता वाळता तो दोन्हीकडे मागे सरतो
आणि मधे उरते केसाएवढी उघडी रेष.
गंज तिथूनच शिरतो,
दार न वाजवता, घरच्यासारखा.
गोल कडेला रंग धरून राहतो.

एवढ्यावर प्रश्न मिटायला हवा होता.
मी तर बेर्नाबेचा नंबरही फिरवला होता.

पण संध्याकाळी ती तुकडे खिशात घालून जिना चढली,
मी मागे टॉर्च घेऊन.
भेटेल त्याला म्हणायची, डोळे मिटा, धरा.
मासे विकणाऱ्या ओर्तेन्सियाने गोल तुकडा धरला
आणि बराच वेळ परतच दिला नाही.
शाळेतली पोरं म्हणाली, ह्याच्यावरून घसरता येईल.
(नेलिदाने ते वहीत लिहिलं. खाली दोन रेघा मारल्या.)

नव्वदाव्या पायरीवर एउलोहिओ राहायचा.
चाळीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवलेले.
साखरेच्या आजाराने त्याच्या बोटांतलं सगळं नेलं होतं.
गोल तुकडा हातात घेऊन तो म्हणाला,
"दिलास का? मग दे ना."

हातातच होता.

मग तिने चौकोनी दिला.
त्याचा अंगठा कडेवरून सरकला, थांबला,
पुन्हा मागे आला.
"हा आहे," तो म्हणाला.

उतरताना ती एक शब्द बोलली नाही.
मी बोललो, पुष्कळ. काय ते आठवत नाही.

सकाळी पट्ट्यांची मागणी गेली: वीस गोल, दोन चौकोनी.
प्रत्येक वळणाआधी, शेवटच्या पायरीपाशी,
हातभर चौकोनी तुकडा.
धार फक्त मोडलेली, कानशीचे दोन हात, तिसरा नाही.
म्हणजे तळव्याला कळावं:
इथे जिना संपतो, पाय सपाट टाक.

गोल आणि चौकोनी जिथे भिडतात तिथे कोपऱ्यात खाच पडते.
ती भरायला मला तीन दिवस लागले.
झाळ, घास, डोळे मिट, हात फिरव, पुन्हा झाळ.
तीन दिवस तिला शिव्या दिल्या, मनात.

नगरपालिकेच्या कारकुनाने बिल परत पाठवलं:
एकाच कठड्याला दोन प्रकारची पट्टी का?
कारण ह्या रकान्यात तिने लिहिलं, "हात."
पैसे पाच महिन्यांनी मिळाले, कापून.

चौकोनी तुकडे दर वर्षी रंगवावे लागतात.
एप्रिलमध्ये मी जातो, डबा आणि एक इंची ब्रश.
एउलोहिओ आता नाही.
त्याच्या दारापाशी रंग बाकीच्यांपेक्षा लवकर झिजतो,
आणि कुणाच्या हाताने, ते मी अजून पाहिलेलं नाही.